साचा होतोय

कुणाच्याही हातातली वस्तू काका आधी मागून घेत. स्क्रू-ड्रायव्हर असो, टूथब्रश असो, अंगठ्याचं नख तिच्या कडेनं फिरवत आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळाले होते ती बारीक रेघ लागली की म्हणत, "सापडली. इथं उघडतं." मग वस्तू परत. तुमच्या खिशातलं पेनही त्यांनी असंच तपासलं असतं आणि तुम्ही ते हसत तपासू दिलं असतंत.

मेटगळ्ळीतल्या आमच्या कारखान्यात ते साच्यांची डिझाइनं करत. घराणं म्हैसुरातलं जुनं, कापड रंगवून छापणाऱ्यांचं. घरी मराठी, पण निम्मी कन्नड मिसळलेली. "आजोबा एक रंग वाळल्याबिगर दुसरा ठसा टेकवत नव्हते. आमचंबी तेच गे. आधी कडक, मग मऊ. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. आतला दांडा कडक प्लास्टिकचा आणि वरची पकड मऊ रबराची, अशा वस्तूला एकामागून एक दोन साचे लागतात आणि दुसऱ्यातून ती न अडकता निघावी लागते. हे मला त्यांनी उकडलेली शेंग उघडून शिकवलं. दाणे मात्र स्वतः खाल्ले.

मग हे सगळं आपोआप करणारं सॉफ्टवेअर आलं आणि ते चालवायला मी. वस्तूचं चित्र दिलं की साचा कुठे उघडायचा, काय आधी ओतायचं, तेच ठरवी. मला वाटलं होतं, काका रुसतील. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, सवयीनं स्क्रीनवरच्या साच्यालाच नख लावायला गेले आणि हसले. "सरी आहे गे. एकदम बरोबर. माझे डोळे वाचले." त्यांनी चूक शोधली नाही असं नाही, सापडली नाही.

त्याच सुमारास काकूंचा उजवा हात पक्षाघातानं गेला. काका त्यांना भरवत, आणि काकूंना तेच नको असे. आपल्या उजव्या हातानं जेवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणून काकांनी जाड, मऊ मुठीचा चमचा करायला घेतला, जुन्या रीतीनं, पेन्सिलीनं. मालकांनी हरकत घेतली नाही. महिनाभर काका खुशीत होते. डबा उघडला की सांगत, "काल परत विचारलं तिनं, साचा झाला का म्हणून."

चमचा झाला. दुसऱ्या दिवशी काका आले ते थेट कामाला बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पडला."

"काका, मूठ थोडी जाड करू. साचा मी संध्याकाळपर्यंत देते," मी म्हटलं. दिला. थ्रीडी प्रिंटरवर निघालेल्या साच्यात आम्ही दोघांनी रबर ओतलं. सकाळी काका म्हणाले, "पडला." मग आणखी मऊ केली. पडला. मग बोटांसाठी खाचा, मग मनगटाला पट्टा. साच्यांत एकही खोट नव्हती. हातच मिटत नव्हता, त्याला मी काय करणार होते? आणि ते तरी काय करणार होते?

एका दुपारी मी नवा आकार घेऊन बसले, तर त्यांनी माझ्या माउसवर हात ठेवला.

"स्वल्प थांब गे. जरा थांब. आधी महिनाभर घरी सांगायला असायचं, साचा होतोय म्हणून. ती वाट बघायची. माझ्या हातनं चार घास जास्ती खायची. आता तू संध्याकाळीच देतीस. जेवताना कळतंय दोघांना, हात काय येणार नाही म्हणून."

मी कॉम्प्युटर बंद केला. मला राग आला होता, कुणाचा ते अजून माहीत नाही.

त्यांनी पुन्हा कागद लावला. येताजाता मी डोकावे. चित्र पुरं होत आलेलं असे. मग ते खोडरबर घेऊन एक चांगली रेघ पुसत आणि तिच्याच जागी पुन्हा तीच ओढायला लागत.

आता काका कामावर येत नाहीत. परवा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते काकूंना सांबारभात भरवत होते. काकूंनी डाव्या हातानं घास अडवला आणि वाकड्या झालेल्या ओठांनी मला विचारलं, "साचा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझं सॉफ्टवेअर तो साचा कॉफी निवायच्या आत देतं.

"होतोय काकू," मी म्हटलं. "आधी कडक, मग मऊ. वेळ लागतो त्याला."

काकूंनी तोंड उघडलं.