रुमालाखालचा हात

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. राहात्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाली करण्यात त्यांची हयात गेली. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरून बोटं दाबतात, आणि सौदा पटला की पंजा घट्ट आवळतात. तोंडानं तेवढ्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा. दादांचं हे तोंड घरी आल्यावरही थांबत नसे. त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली तेव्हा आम्ही त्यांना पुण्याला नेलं.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, जबडा कापायला नको. रोबोटचे बारीक हात तोंडातून आत घालून ती काढता येईल.

"पुन्हा बोलतील ना?" मी विचारलं.

"बहुतेक."

त्या 'बहुतेक'चा मला असा संताप आला! दादांना मात्र निराळीच शंका होती.

"आपरेशनच्या टायमाला तुमी कुठं उभं राहनार?"

"मी खोलीतच, पण बाजूच्या यंत्रापाशी बसेन. तिथं माझी बोटं हलतील तशी रोबोटची आत हलतील."

"म्हंजी हात तुमचाच, पन दिसायचा न्हाई."

"अगदी बरोबर."

दादा खुलले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं एकेक करून चाचपली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी हात मागं घेतला नाही.

"बोट थरथरत न्हाई," दादा मला म्हणाले. "करू दे यान्ला."

ऑपरेशन नीट झालं. नाकात नळी आणि बोलायला बंदी. एवढे गप्प दादा मी जन्मात पाहिले नव्हते. ते चादरीखाली माझा हात धरून बोटं दाबत, आणि मला काही कळत नसे. बाजारात मुलींना कोण नेतं? मी चुकले की ते कपाळावर हात मारून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवत. खरं सांगते, त्या पलंगाशी बसून शिकताना मला फार बरं वाटलं.

मग एके सकाळी डॉक्टरांनी चमचाभर पाणी पाजून पाहायचं ठरवलं. ठसका लागला तर नळी राहणार. दादांनी चादरीखाली माझा हात पकडला आणि पाणी तोंडात घेतलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही.

"आता काहीतरी बोला," डॉक्टर म्हणाले.

ओठ हलले, पण आवाज फुटेना. डॉक्टरांचा चेहरा बघायचं धाडस मला होईना. तेवढ्यात चादरीखाली माझा पंजा घट्ट आवळला गेला.

"सौदा पटल्यावर च्या पाजत्यात, डाक्तर. पानी काय पाजता?"

शब्द जाड आणि बोबडे आले, पण भांडत आले. मला रडू फुटलं. दादांनी हात सोडला नाही.