अकरा जोडांचा नळ

रनाळ्याचा हिलाल पत्र्याचं काम करायचा, आणि त्याचा तोरा एकच: "मन्हा पत्रा गळत नही." चाळीस वर्षं तेच तेच बोलून माणसानं मिरवावं तरी किती? पण खरंच गळत नव्हतं, मग तोंड कोण धरणार!

लढाईच्या दिवसांत नवापूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यानं त्याला छपराच्या कामाला बोलावलं. तिकडचा पाऊस एकदा लागला की हटत नाही, रोग्यांच्या चादरी वाळणार कशा? म्हणून एका खोलीत कोळशाची मोठी शेगडी मांडून वर दोऱ्या बांधल्या होत्या. वाफ बाहेर काढायला छपरातून नळ हवा होता. पत्रा सगळा लढाईकडे जायचा, नवा कुठला मिळायला! हिलालनं घासलेटचे डबे फाडले, ठोकून सपाट केले, वळवले आणि अकरा जोडांचा नळ उभा केला. साठी उलटलेली. उतरताना शिडीवर पाय लटपटले. धुणं धुणाऱ्या हन्नानं धावत येऊन शिडी धरली.

"बाबा, सावकाश."

छपराचं काम उरलं होतं, म्हणून तो तिथंच पडवीत राहिला. अंग इतकं आंबलेलं की जेवायलाही उठवत नसे, मग शेगडीच्या खोलीत कोण फिरकतंय! आठव्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकू आला. दवाखान्याच्या मोठ्या बाईसाहेब हन्नाला झाडत होत्या. चादरींवर तांबूस डाग पडले होते.

"गंजकी बादली वापरतेस तू! आणखी एक चादर डागाळली तर येऊ नकोस."

हन्ना खाली मान घालून उभी. नवरा गेलेला, दोन पोरी पदरात, चूल पेटायची ती याच धुण्यावर.

हिलालनं डाग पाहिले, मग मान वर केली. डागांच्या बरोबर वर त्याचा नळ. अरे देवा! छपराचा माणूस तो. छपरावर वरचा पत्रा खालच्यावर चढवायचा, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही. हात त्याच सवयीनं चालले होते. पण इथं पाणी आतलं होतं. वाफ थंड होऊन नळाच्या आतून ओघळायची आणि डब्यांचा गंज घेऊन प्रत्येक जोडातून बाहेर ठिबकायची. वरचा तुकडा खालच्याच्या आत जायला हवा होता. एवढी साधी गोष्ट, आणि चाळीस वर्षांच्या कारागिराला सुचू नये!

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. क्षणभर तसं वाटलंही, खोटं कशाला बोला.

"बाईसाहेब," तो दारातून म्हणाला, "बादली नही. मन्हा नळ गळस. जोड मीच उलटा बसाडात."

"मग आजच्या आज सगळा उतरवा आणि नीट बसवा," एवढं बोलून बाई निघून गेल्या.

हिलाल शेगडीपाशी बसला आणि हन्नाकडे वळला.

"तुले दिसनं नही का, माय?"

"दिसलं ना, बाबा. पहिल्याच दिवशी."

"मंग सांगं काबरं नही?"

हन्नानं त्याच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला परत वर चढावं लागलं असतं."

गुडघ्यांवर हात टेकून तो उठला, शिडी भिंतीला लावली. हन्नानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.