हरणांची पेर

निवृत्तीनंतर मी शहराबाहेर जंगलाला लागून दीड एकर जमीन घेतली. माझ्या आई-वडिलांनी मराठवाड्यात जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. घराण्यात जमिनीचा पट्टा पहिल्यांदा माझ्या नावावर झाला. तिथं काय पेरायचं हे मला कुणी सांगू नये, एवढी गुर्मी माझ्यात होती.

पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्याकडेला फेकलेल्या लग्नाच्या पत्रावळ्या प्लास्टिकसकट चघळणारं चितळ पाहिलं. मग जंगलातल्या जनावरांसाठी पेरायला शहरातल्या बेगम बाजारातून बी आणलं. पावसाळ्यात चवळी, पुढं ज्वारी आणि कुळीथ, उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर लसूणघासाचा हिरवा चारा. बारा महिने काहीतरी हिरवं राहायला हवं होतं. शहरात बरकतपुऱ्याला माझं घर, तिथून दोन बस बदलून मी जायची. चितळं आली, ससे आले, मोर आले. त्यांच्यामागं रानडुकरंही आली.

शेजारी भुईमूग लावणारा एक तेलुगू शेतकरी होता. तो बांधावर आला आणि शांतपणे म्हणाला, "अम्मा, तुम पालरे, वो मेरा खारे." पाळता तुम्ही, आणि ती खातात माझं.

मी त्याला कुंपण घाल म्हणाले. चार एकरांना कुंपण कसं घालू, असं त्यानं विचारलं. तो तुझा प्रश्न, असं सांगून मी पाठ फिरवली. त्यानंतर तो मला बघितलं की थुंकायचा. मीही त्याच्याकडं रोखून बघायची.

थंडीत एका सकाळी आमच्या सामाईक बांधावर चितळाची मादी मेलेली सापडली. गळ्यात गाडीच्या क्लचवायरचा फास होता. फास सोडवून मी तशीच शेजाऱ्याच्या दारात गेले आणि तार त्याच्या पायाशी टाकली.

"फास डुकरासाठी होता," तो म्हणाला.

"जंगलखात्याला सांग," मी म्हणाले.

त्याची बायको मला मनगटाला धरून घरामागच्या शेतात घेऊन गेली. अर्धं शेत उकरलेलं होतं. शेंगांची टरफलं आणि उपटलेले वेल सगळीकडं पसरले होते. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही तक्रार केली.

वनरक्षक आला. त्यानं शेजाऱ्याला राहिलेले फास काढायला लावले आणि पुन्हा लावणार नाही असं लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळून, दुसऱ्याच्या पिकाला खेटून जनावरांचं खाणं लावायची अक्कल कुणी दिली, असं विचारलं. मला खूप राग आला, आणि तो वनरक्षकावर नव्हता, माझ्यावरच होता.

पुढच्या हंगामात सगळी पेर मी जंगलाच्या टोकाला नेली आणि शेजाऱ्याच्या बाजूची पट्टी नांगरून मोकळी ठेवली. डुकरं कमी झाली, पण थांबली नाहीत. त्यानं त्याच्या शेतातून जाणारी माझी वाट काट्यांनी बंद केली. आता मी तळ्याला वळसा घालून जाते, वीस मिनिटं जास्त लागतात. काटे काढ, असं मी त्याला म्हटलेलं नाही. मोकळी पट्टी का ठेवली, हे त्यानंही विचारलेलं नाही.