मामंजींचा पोपट

लग्न होऊन मी राहात्याला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, माझे पती आणि मामंजी. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मामंजी शाळेतून निवृत्त झालेले. सुनेशी थेट बोलायची त्यांना सवय नव्हती. "चहा झाला का रे?" असं ते आपल्या पोपटाला विचारत आणि मी कप नेऊन ठेवी. पोपट त्यांच्याच आवाजात "गप्प बसा!" म्हणून मला दरडावी. मामंजी वर्गात मुलांना म्हणायचे ते वाक्य त्यानं बरोब्बर उचललं होतं.

उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी पोपटानं असा आरडाओरडा केला की मी पीठ मळता मळता तशीच धावले. त्याचं नख गोणपाटाच्या दोऱ्यात अडकलं होतं आणि तो एका पायावर उलटा लोंबत होता. मी कात्रीनं दोरा कापला. सुटल्या सुटल्या त्यानं माझ्या बोटाचा कडकडून चावा घेतला.

मामंजी दारात उभे होते. म्हणाले, "चूक त्याची नाही, माझी आहे. नखं वाढलीत. इतकी वर्षं मीच काढत होतो. आता नीट दिसत नाही. सांगायची लाज वाटली."

एवढं लांबलचक ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी म्हटलं, "मामंजी, मी काढते. तुम्ही सांगाल तसं."

माझ्या भावानं पुण्याहून आणलेला नेलकटर माझ्या ट्रंकेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर उन्हात बसलो. मामंजींनी पोपटाला जुन्या पंच्यात गुंडाळून धरलं. अंगठा आणि बोट त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना, छाती मोकळी. "छाती दाबायची नाही," ते म्हणाले. "पाखराला छाती हलवता आली नाही तर श्वास कोंडतो. नख उजेडाकडे धर. आत लाल रेघ दिसते? तिथवर जायचंच नाही. फक्त टोक."

पहिली दोन नखं नीट निघाली. तिसऱ्याला पोपटानं पाय झटकला आणि रक्ताचा थेंब आला. मी घाबरून नेलकटर खाली ठेवला.

"हळद लाव," मामंजी शांतपणे म्हणाले. "आणि दाबून धर. माझ्याही हातून झालंय असं." थोड्या वेळानं रक्त थांबलं. त्या दिवशी त्यांनी पुढची नखं काढू दिली नाहीत. "तोही दमलाय, तूही दमलीस. उद्या."

चोचीला तर त्यांनी नेलकटर लावूच दिला नाही. "चोचीतही रक्त असतं. ती त्याची त्यानंच झिजवायची." नुसती मऊ, भिजवलेली डाळ खाऊन त्याची चोच न झिजता वाढत होती, म्हणून मी रोज कडुलिंबाची ताजी काडी पिंजऱ्यात अडकवू लागले. ती सोलता सोलता महिन्याभरात चोच रेखीव झाली. नखंही झिजावीत म्हणून बसायच्या गुळगुळीत लोखंडी दांडीच्या जागी बाभळीची खडबडीत फांदी, काटे काढून, आम्ही दोघांनी मिळून बसवली.

पुढे दर दीड-दोन महिन्यांनी हा आमचा कार्यक्रम ठरला. पोपट मला चावायचा थांबला नाही, पण मामंजी पोपटाला विचारायचे थांबले. "सूनबाई, चहा झाला का?" असं सरळ येऊ लागलं.

एका सकाळी पोपटाचं आटोपून मी नेलकटर पुसत होते. मामंजींनी रस्त्याकडे बघत आपला हात माझ्यासमोर धरला. नखं वेडीवाकडी कापलेली, एका बोटाला ब्लेडची ताजी जखम.

"याचीही काढतेस का?" ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि बोटं उजेडाकडे वळवली.