वाड्याची रेबेक

धोबीतलावच्या ज्या खोलीत माझ्या पप्पांनी ट्रंकेवर डोकं टेकून ऐन तारुण्याची वर्षं काढली, तिथे आता कॉफी मिळते. कॉफी पिता पिता भिंतीवरचे जुने फोटो बघायचे, आणि मधोमध काचेच्या पेटीत ठेवलेलं व्हायोलिन बघायचं. पेटीत एक पाटी, 'कृपया हात लावू नये'. म्हणजे ज्या व्हायोलिनवर मी उभी हयात हात फिरवला, त्याला मीच हात लावायचा नाही! माझं एकटीचं नाही ते, कबूल. पण पाटी लावणाऱ्यांचं तर मुळीच नाही. आणि ज्याने ते त्यांना नेऊन दिलं त्या माझ्या थोरल्या भावाचंही नाही.

ते आमच्या वाड्याचं. आमच्याकडे त्याला रेबेक म्हणतात, म्हणून मीही इथून पुढे तेच म्हणणार.

आमचा वाडा, म्हणजे आमची ख्रिस्ती वस्ती, आरोंद्याला, खाडीच्या अलीकडे. पलीकडे गोवा. मे महिन्यात संध्याकाळी वाड्यातल्या खुरसापुढे, क्रुसापुढे, मेणबत्त्या लावून आम्ही लादाईन म्हणतो. सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, आणि तिच्या पुढे रेबेक. ती आधी सूर देते, मग बायका उचलतात, मग बाप्ये. दरवर्षी एका घराची पाळी असते. त्या घरचे उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांना घोटभर फेणी. रेबेकीशिवायची लादाईन म्हणजे मिठाशिवायची पेज. गिळता येते, एवढंच.

पप्पांच्याही आधीच्या माणसांनी काजूच्या हंगामात वर्गणी काढून ही रेबेक घेतली. वाजली नाही तर लाकूड बसतं, म्हणून वर्षभर ती मुंबईत, वाड्यातला जो कोणी वाजवून पोट भरतो त्याच्याजवळ राहायची. त्याने मे महिन्यात ती घेऊन यायचं. सुट्टी मिळो न मिळो, यायचंच. याचा कुठे कागद नव्हता, आणि नेम कुणी मोडलाही नव्हता.

धोबीतलावची ती खोली म्हणजे आमच्या गावाची कूड. मुंबईत नोकरी शोधायला गेलेल्या गावच्या माणसांची सामायिक जागा. पप्पा तिथून सकाळी रेबेक घेऊन स्टुडिओत जायचे, सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. गावी रेडिओवर एखादं गाणं लागलं की आई हातातलं काम सोडून म्हणायची, यात तुझे पप्पा आहेत. कुठे आहेत ते काही कळायचं नाही. एवढ्या सगळ्या व्हायोलिनांचा मिळून एकच आवाज. तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, चाल लावणाऱ्याचं नाव, वाजवणारे गेले खड्ड्यात. पप्पांना त्याचं काही नव्हतं. मला होतं, अजून आहे. त्या शहराने आमची माणसं अशीच वापरली. खांद्याला खांदा लावून बसवलं, वाजवून घेतलं आणि दिवे मालवून घरी पाठवलं.

मे महिन्यांच्या सुट्ट्यांत पप्पांनी मला शिकवलं. पुढे त्यांची बोटं आखडली तेव्हा खुरसापुढे सगळ्यांदेखत त्यांनी रेबेक माझ्या हातात दिली. तेव्हापासून वाड्याची लादाईन मी वाजवते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण वाड्यात मला ओळखतात ती रेबेकवाली म्हणूनच. पप्पांनंतर मुंबईत वाजवणारा कुणी उरला नाही. मुंबईत नोकरीला असलेला भाऊ कुडीतून रेबेक घेऊन यायचा, परत न्यायचा. गावी माझ्याजवळच ठेव म्हणून मी सांगायचे. तो म्हणायचा, जुना नेम आहे, मोडू नको. हा नेमवाला!

मग कूड बंद पडली. तिथे वारसा जपणारे आले. शहराच्या संगीताचा इतिहास दाखवायचा, गल्लीगल्लीतून लोकांना फिरवायचं, जुने स्टुडिओ, जुनी वाद्यांची दुकानं, जुन्या खोल्या. त्यांनी भावाला वडिलांची एखादी आठवण मागितली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला आमच्या साहेबांचं काय जातंय? सही केली, फोटो काढून घेतला, रेबेक दिली. त्या मे महिन्यात तो हात हलवत आला. एका पोराने मोबाईलवर कुठलीशी लादाईन लावली आणि मी पुढच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही तेच.

भाचीच्या लग्नाला मुंबईला गेले तेव्हा भाऊ मला मोठ्या अभिमानाने ती जागा दाखवायला घेऊन गेला. दाराबाहेर बोर्ड, इथे गोव्याचे वादक राहत. गोव्याचे! आम्ही खाडीच्या अलीकडचे, सिंधुदुर्गातले, तेवढंही विचारायला कुणाला सुचलं नाही. आत काचेत रेबेक. खाली भावाचं नाव, सप्रेम भेट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच आवाज चढवला, तसा भाऊ कानाशी येऊन म्हणाला,

"हळू गो. सगळी मुंबय येऊन बघता ती."

"बघूची नाय ती. वाजवूची."

तिथल्या मुलीने मला पाणी दिलं. फार गोड बोलायची. माझ्या भावना समजतात म्हणाली. मेल्यांनो, भावना समजून काय करू, रेबेक द्या! ती काही दिली नाही.

पण देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही. यंदा त्याच लोकांना लादाईनीचं शूटिंग करायची हुक्की आली. लुप्त होत चाललेली परंपरा म्हणे. लुप्त कुणी केली? वाड्याने निरोप माझ्याकडे पाठवला, आणि मी कळवलं, रेबेक आणत असाल तर या. आठवडाभर त्यांची आपापसात चर्चा झाली. शेवटी कबूल झाले, पण ती पेटीतच राहील, खुरसाशेजारी, दर्शनी.

गाडी आली. मला पाणी देणाऱ्या त्याच मुलीने पांढरे हातमोजे घातले. भाऊही बरोबर होता, माझी नजर चुकवत. मेणबत्त्या लागल्या, वाडा जमला, कॅमेरा सुरू झाला. मी उठले आणि काच उचलून रेबेक बाहेर काढली. मुलगी धावली, तशा आमच्या दोन म्हाताऱ्या सहज तिच्या आणि माझ्या मध्ये येऊन बसल्या.

घरून पप्पांचा जुना गज आणि राळ आणली होती. सूर लावायला खुंटी पिळली. हलेना. दुसरी पिळली, तीही हलेना. मेणबत्तीजवळ धरून बघितलं तर चारही खुंट्यांच्या मुळाशी पिवळा डिंक चकाकत होता. तारा सैल पडून फोटोत वाईट दिसायच्या, म्हणून कुणीतरी त्या ताणून खुंट्या कायमच्या चिकटवून टाकल्या होत्या. वाद्याला सूर लावता येऊ नये अशी व्यवस्था करून त्यांनी वाद्य जपलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

एकेक तार छेडून पाहिली. तीन भलत्याच होत्या. एकच, दोन नंबरची, बरी होती. नेहमीपेक्षा चढी, पण स्वच्छ. मी वाड्याकडे वळून म्हटलं, आज सूर वर आहे, जमेल तसं या. आणि त्या एका तारेवर लादाईन वाजवली. बोट चढवत चढवत, बोटांची टोकं दुखेपर्यंत. बायकांचे आवाज फाटले, बाप्ये खाली उतरले, पण सगळे आले. भाऊही गात होता. तो गात होता हे मी ऐकलं, आणि तरी मला त्याची दया आली नाही.

संपल्यावर मुलगी डोळे पुसत जवळ आली. अप्रतिम म्हणाली, आणि आता पॅक करू या का म्हणून विचारलं. मी रेबेक पदराने पुसली आणि यंदा ज्या घराची पाळी होती त्या घरच्या बाईच्या हातात दिली. ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांच्यातला एक पुरुष भावाच्या सहीबद्दल बोलू लागला. कायदा, करार, काय काय. वाडा चणे खात उभा होता. कुणी जागचं हललं नाही.

मी शाळेतल्या आवाजात सांगितलं,

"सही याची आहे, रेबेक याची नाही. काच तुमची आहे. ती घेऊन जा."

त्यांनी ती पेटी चादरीत गुंडाळली. 'हात लावू नये'ची पाटी आतच राहिली होती. पेटी जड होती, म्हणून एका बाजूने माझ्या भावाने धरली आणि गाडीपर्यंत पोचवली. परत आला तेव्हा चणे संपले होते.