ठासून भरणारे नाना

नाना दात भरताना पूर्ण अंगाचा जोर लावायचे. किडलेल्या दाढेचं मूळ आतून साफ करून त्यात रबराच्या गुलाबी काड्या भरतात. एक काडी घातली की टोकदार पोलादी स्प्रेडरनं ती बाजूला दाबायची आणि दुसरीला जागा करायची. हे दाबणं नाना मनगटानं नव्हे, खांद्यानं करायचे. पेशंटची मान खुर्चीत रुतायची. "फट राहिली की जंतू संसार थाटतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नव्वदच्या सुमारास जळगावात त्यांच्या दवाखान्यात मी मदतनीस डॉक्टर म्हणून लागले. माझा हात हलका. नाना मागून डोकावून म्हणायचे, "मुळं भरतेस की मेंदी काढतेस, पोरी?" सगळे हसायचे, मीही हसायचे. दुपारी आपल्या डब्यातलं निम्मं भरीत माझ्या ताटात वाढणारा माणूस; त्याच्यावर रागावणार कसं?

एकदा पारोळ्याच्या एक अक्का आल्या. नानांनीच भरलेल्या दाढेचं मूळ उभं चिरलं होतं. असं चिरून आलेलं ते काही पहिलं नव्हतं. नानांनी लगेच दरडावलं, "अक्का, सुपारी फोडली ना?"

"भाऊ, मना तोंडमा सुपारी कधी गयीच नही," बाई बिचारी ओशाळून म्हणाली. दाढही तिचीच गेली आणि बोलणीही तिनंच खाल्ली.

मला राहवेना. "नाना, हे आपल्या दाबानं तर होत नसेल?" मी विचारून टाकलं. वाटलं, आता भडकतील. उलट खूश झाले. "करून बघ की! शास्त्र म्हणजे दुसरं काय?" काढलेले दात त्यांनीच जमवून दिले. निम्मे त्यांनी आपल्या पद्धतीनं ठासून भरले, निम्मे मी हलक्या हातानं. मग माझ्या मामांच्या वर्कशॉपातल्या प्रेसखाली एकेक फोडला. नानांनी भरलेले कितीतरी लवकर फुटले. काहींना तर प्रेसखाली घालायच्या आधीच तडे गेलेले भिंगातून दिसत होते. नाना बराच वेळ ते भिंग धरून बसले. मग म्हणाले, "धुळ्याच्या सभेत मी हे मांडतो. तुझं नाव घेऊन."

घेतलं की नाव! भरल्या सभेत सगळ्या दातांच्या डॉक्टरांसमोर म्हणाले, "आमच्या या डॉक्टरबाईंनी हलक्या हातानं भरलेली मुळं पटापट फुटली. तरुण मंडळींनी यातून शिकावं." लोक माझ्याकडे वळून हसले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "नाना, असं का केलंत?"

"जन्मभर असंच भरत आलोय, पोरी. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

बापासारखं मानलं होतं हो मी या माणसाला! दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची पायरी चढले नाही. भुसावळला स्वतःचा दवाखाना काढला, पण ती सभा माझ्याआधी तिथं पोचली होती. माझ्याकडे पेशंट पाठवायला कुणी डॉक्टर धजत नव्हता. जम बसायला फार वर्षं गेली.

आणि एक दिवस नानाच आले. दाढ ठणकत होती. जळगावात डॉक्टर काय कमी होते? खुर्चीत बसले, माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "तुझ्या पद्धतीनं भर हं. दाबू नकोस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आणि तुमचे पेशंट, नाना? त्यांचे अजून ठासूनच भरता ना?"

नानांनी नुसता आ केला.

दाढ मी हलक्या हातानंच भरली. माफ मात्र आजतागायत केलेलं नाही.