विमलबाईंचा डावा हात

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी, मोटार लावून छतावरची टाकी भरत होते. नांदेडहून त्यांची भाची बोलत होती. "मावशी, आत्या गेली सकाळी. त्रास न्हाई झाला." कधी नेणार ते मी विचारलं, फोन ठेवला आणि आधी जाऊन मोटार बंद केली. पाणी वाहून जायला नको म्हणून. मग जिन्याच्या पायरीवर बसले... रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. जे त्यांना सांगायचं होतं ते आता सांगावं लागणार नाही, असं मनात आलं, आणि स्वतःचीच शिसारी आली. त्याला आता काही आठवडे झाले. बाईंबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच लिहायचं आहे की आमच्या गावातलं त्यांचं गाईड पथक माझ्या खोट्या बोलण्यानं मोडलं, आणि त्या असेपर्यंत मी ते कबूल केलं नाही.

आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या, असे ते दिवस. विमलबाई कन्याशाळेत मराठी शिकवायच्या. एकट्या राहायच्या. निळ्या काठाची पांढरी साडी, गळ्यात शिट्टी, चालणं असं की मागून येणाऱ्या पोरींना पळावं लागे. त्यांनी आम्हा मुलींचं गाईड पथक काढलं. गाठी मारणं, तंबू ठोकणं, जखम बांधणं, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवणं. गावाला यातलं काही खटकलं नाही. खटकला तो डावा हात. गाईड एकमेकींना भेटतात तेव्हा डावा हात मिळवतात. माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "डाव्या हातानं? उद्या त्याच हातानं जेवूबी घालतील तुमच्या बाई." मी हे वर्गात सांगितलं तर बाई हसल्या. म्हणाल्या, "आईला सांग, डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवल्याशिवाय हा हात देता येत नाही. ज्याच्यावर पूर्ण भरवसा त्यालाच तो द्यायचा."

भरवसा ही त्यांची कामाची रीतच होती. काही बिघडलं, हरवलं, तर त्या एकदाच विचारत. मुलीनं तीन बोटं उचलून गाईडचा शब्द म्हणून उत्तर दिलं की विषय संपला. पुन्हा विचारणं नाही, तपासणं नाही. आम्हाला याचा फार धाक वाटे. छडीपेक्षा जास्त.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. टँकर शाळेच्या आवारातल्या हौदात रिकामा व्हायचा आणि मग जे व्हायचं ते मी लहानपणापासून गावाच्या विहिरीवर पाहिलेलंच होतं. आधी आमच्या, म्हणजे वाण्यांच्या आणि पाटलांच्या घरच्या बायका. मग बाकीच्या. बौद्धवाड्यातल्या बायका कडेला उभ्या, शेवटी कुणीतरी त्यांच्या घागरीत वरून ओतायचं, तेही उरलं तर. बाईंनी सरपंचांना गाठलं. म्हणाल्या, पाणी माझ्या मुली वाटतील, भांडणं होणार नाहीत. रोजच्या भांडणांना वैतागलेल्या सरपंचांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी आवारात चुन्याची एक रेघ मारली. रांग एकच. जी आधी येईल ती आधी, आणि तोटीला जिचा तिचा हात. तोटीवर लक्ष ठेवायला दोन संघनायिका, म्हणजे तुकडीप्रमुख मुली, सकाळी मी आणि दुपारी छाया. छाया बौद्धवाड्यातली. माझ्याच वर्गातली, माझ्यापेक्षा गाठी चांगल्या मारणारी.

गाव कुरकुरलं, पण रांगेत उभं राहिलं. तहान मोठी होती. छायाची आई पहिल्या दिवशी तोटीला हात लावायलाच तयार होईना. मागून एक म्हातारी खेकसली, "अगं भर की लौकर, काय न्याहाळून राहिली? पान्याला काय डोळं हायेत का?" रांग हसली. छायाची आईसुद्धा हसली, आणि तिनं तोटी फिरवली. महाराष्ट्रदिनाला नव्या जिल्ह्याच्या संचलनात आमचं पथक चालणार असंही ठरलं होतं. गणवेश शिवून झाले होते.

घरी आई मला टोचायची. "म्होरकी झालीस न्हवं तिथली? मग घरच्यासाठी एक घागर जास्तीची निघत न्हाई व्हय?" मी पुष्कळ दिवस टाळलं. मग पाहुणे येणार होते त्या दिवशी, दुपारी रांग नसताना, घागर घेऊन हौदावर गेले. घागर भरत आली तशी शाळेच्या मागून शिपाईमामांचा खोकला ऐकू आला. मी घागर उचलली आणि पळाले. तोटी तशीच राहिली... वाहती.

छाया तिच्या वेळेला आली तेव्हा हौद रिकामा होत आला होता. तिनं तोटी बंद केली. तेवढ्यात बायका जमल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: चिखल, कोरडा हौद आणि तोटीवर छायाचा हात. दुसरा टँकर दोन दिवस येणार नव्हता. जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. पाणी त्यांच्या हातात दिलं की असंच होणार, हा त्यातला सगळ्यात सभ्य भाग.

बाईंनी आम्हा दोघींना वर्गात बोलावलं. एकदाच विचारलं. छायानं तीन बोटं उचलली. "मी आले तेव्हा वाहूनच राहिलं होतं, बाई." मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही तीन बोटं उचलली. "मी दुपारी आलेच नव्हते." बाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि बाहेर जाऊन जमलेल्या गावापुढे म्हणाल्या की पथक माझं आहे, चूक माझी आहे.

गावाला बाईंची चूक नको होती. मुख्याध्यापकांनी समजुतीनं सांगून पाहिलं, "बाई, त्या एका पोरीला पाण्यावरून काढा. बाकी सगळं चालू राहू द्या. संचलनालाही जा." मी दाराबाहेर उभी होते. बाई म्हणाल्या, "दोघींनी शब्द दिला, मी दोघींचा घेतला. एकीचाच परत कसा करू?" तेव्हाही मी आत जाऊ शकले असते. दार उघडंच होतं.

पथक बंद झालं. चुन्याची रेघ पायांनी पुसली गेली आणि जुनी रांग परत आली. आधी आम्ही, शेवटी त्या. संचलनाच्या दिवशी मी घरीच होते. आईनं माझा गणवेश ट्रंकेत घातला. जूनमध्ये बाईंची बदली धर्माबादला झाली. शाळा उघडली तेव्हा छाया वर्गात नव्हती. ती नांदेडला मामाकडे गेली असं कुणीतरी म्हणालं. मी शिकले, लातूरला नोकरी लागली, संसार झाला. बाईंना दिवाळीला फोन करायचे. दर वेळी आज सांगू म्हणायचे, आणि तब्येत, पाऊस, भाव यांवर बोलून ठेवून द्यायचे.

निवृत्तीनंतर बाई नांदेडला भाचीकडे राहिल्या. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाल्याचं कळलं आणि मी निघाले. बसमध्ये वाक्यं जुळवत गेले. उजवं अंग गेलं होतं, तोंड थोडं वाकडं, शब्द जड. भाचीनं पलंगाच्या डाव्या अंगाला खुर्ची ठेवलेली होती. येणाऱ्यानं तिथेच बसायचं. मी आत गेले तसा बाईंनी चादरीखालून हात काढला आणि पुढे केला. डावा. तोच एक हात आता त्यांच्यापाशी होता, पण डोळे बघून मला कळलं की हा हात त्या नाइलाजानं देत नाहीत... मी त्या खुर्चीवर बसले नाही. पायथ्याशी गेले, वाकले आणि पायांवर डोकं ठेवलं. पाया पडणं सोपं असतं, त्यात समोर बघावं लागत नाही. मान वर केली तेव्हा हात अजून तसाच पुढे होता. मग त्यांनी हळूच तो चादरीत घेतला. "पाणी... पिऊन जा," म्हणाल्या. मी प्यायले, आणि आले.

त्या गेल्यावर भेटायला गेले तेव्हा तिथे एक बाई सगळ्यांना चहा देत होती. केस पांढरे, चष्मा. "ओळखलं न्हाईस," ती म्हणाली. छाया. नांदेडलाच दवाखान्यात परिचारिका होती, अर्धांगवायू झाल्यापासून बाईंचं अंग पुसणं, कूस बदलणं तीच करत होती. मी तिला मागच्या ओट्यावर नेलं आणि तिथे, भांडी घासायच्या जागी उभी राहून, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं की. घागर हिंदकळत नेलीस तू. हौदापासून तुमच्या दारापर्यंत धुळीत थेंबांचे खळगे पडले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बाईंना दाखवले मी. त्या बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मंगलनं शब्द दिलाय छाया, तिचं ती येऊन सांगेल." छायानं कपबशा विसळायला घेतल्या. "लई भरवसा त्यांचा. तुझ्यावर भरवसा ठेवला आणि माझ्या आईनं पुन्हा वरून ओतलेलं पाणी घेतलं. मी सेवा केली त्यांची, माझी माय होत्या त्या. पण ही गोष्ट मी त्यांना सोडली न्हाई. एकदा तोंडावर बोलले. रडल्या."

मला आजवर वाटायचं की बाईंना ठाऊक नाही म्हणून मी वाचले. त्यांना ठाऊक होतं, आणि त्या वाट बघत होत्या. दिवाळीच्या प्रत्येक फोनमध्ये.

मी छायापुढे डावा हात केला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात ओले होते, पण कारण ते नव्हतं. "आपल्या दोघींत बोललीस, ते काय," ती म्हणाली. "रांगेतल्या बायांना कोण सांगणार? त्यांच्या पोरी आता वाचतात पेपर. लिही. नाव घालून लिही. मग बघू."

म्हणून हे लिहिलं. तोटी मी उघडी ठेवली होती. छायानं ती बंद केली.

भाची सांगत होती, पलंग काढला, खोली धुतली, पण ती खुर्ची तिथून हलवायला तिचा हात होत नाही. रिकाम्या जागेच्या डाव्या अंगाला, हात पोचेल एवढ्या अंतरावर, ती अजून तशीच आहे. मी तिच्यावर एकदाही बसलेले नाही.